न वाचता केलेली सही : जो जॅक्सनची कारकीर्द आणि बडतर्फी

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाही, आणि या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी थोड्यांनाच त्याची गोडी असेल, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही जोसेफ जेफरसन जॅक्सन या अमेरिकन खेळाडूचे प्रकरण येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांनी हयातीची पंचवीस-तीस वर्षे सरकारी कचेरीत जबाब, दोषारोपपत्रे आणि चौकशी अहवाल हाताळण्यात घालविली, त्यांना या प्रकरणात ओळखीचे असे पुष्कळ काही आढळेल. न्यायालयातून निर्दोष सुटलेला माणूस दुसऱ्याच दिवशी आपल्या व्यवसायातून कायमचा काढून टाकला गेला, आणि तो हुकूम १९२१ पासून २०२५ पर्यंत कायम राहिला. त्यांतली शेवटची त्र्याहत्तर वर्षे तर तो माणूस हयातही नव्हता.

जॅक्सनचा जन्म दक्षिण कॅरोलायना राज्यातील पिकन्स परगण्यात झाला. जन्मवर्ष बहुधा १८८७ असे धरले जाते. बाप आधी शेतमजुरी आणि पुढे गिरणीत काम करणारा. कुटुंब कापडगिरण्यांच्या मागे फिरत फिरत शेवटी ग्रीनव्हिल शहरालगतच्या ब्रँडन मिल या गिरणीवस्तीत स्थिरावले. घरे गिरणीची, दुकान गिरणीचे, आणि पोरांनी शाळेऐवजी सूतखात्यात जावयाचे, हा तेथील शिरस्ता. हुकूमचंद मिलच्या आणि मालवा मिलच्या भोंग्यावर दिवस मोजलेल्या इंदूरकरांस गिरणीवस्ती म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. जो सहा-सात वर्षांचा असतानाच गिरणीत झाडलोटीच्या कामाला लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे तो आपली सही कशीबशी गिरवावयास शिकला. वाचणे त्याला जन्मभर आले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी, कारण पुढचे सारे प्रकरण कागदांचे आहे.

गिरण्यांचे आपापले बेसबॉल संघ असत आणि शनिवारी सामने होत. तेरा वर्षांचा जो मोठ्या माणसांच्या संघातून खेळू लागला. १९०८ साली ग्रीनव्हिलच्या धंदेवाईक संघात असताना नव्या बुटांनी पायाला फोड आले, म्हणून तो एका सामन्यात नुसत्या मोज्यांवर खेळला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले आणि ‘शूलेस जो’, म्हणजे अनवाणी जो, हे नाव त्याला जे चिकटले ते कायमचे. हे नाव त्याला स्वतःला कधीच आवडले नाही. एका दिवसाच्या फोडांवरून जगाने त्याला अडाणी खेडवळ ठरविले, असे त्याला वाटे, आणि ते वाटणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या संघाचे चालक कॉनी मॅक यांनी त्याला विकत घेतले. (‘विकत घेणे’ हा शब्दप्रयोग आमचा नव्हे, त्या धंद्याचा आहे. खेळाडूचा करार एका संघाकडून दुसऱ्याकडे पैसे घेऊन दिला जाई, आणि खेळाडूला स्वतःच्या मर्जीने संघ बदलण्याची मुभा नसे.) फिलाडेल्फियात तो रमला नाही. महानगराची भीती, सहकाऱ्यांची टिंगल आणि नुकतेच लग्न झालेल्या केटीची आठवण यांमुळे तो घरी पळून येई. दोन हंगामांत मिळून त्याच्या वाट्याला जेमतेम दहा सामने आले. खाणावळीत पदार्थांची यादी वाचता येत नसल्याने शेजारचा काय मागवितो ते ऐकून तो तेच मागवी, असे सांगतात.

१९१० साली तो क्लीव्हलंडच्या संघात गेला आणि चित्र पालटले. येथे बेसबॉलच्या एका मापाचा परिचय करून देणे भाग आहे. फलंदाज जितक्या वेळा खेळावयास येतो, त्यांपैकी किती वेळा यशस्वी फटका मारून निदान पहिला तळ गाठतो, त्याचे प्रमाण दशांशात मांडतात. दहांतून तीन वेळा, म्हणजे ०.३००, साधणारा उत्तम फलंदाज गणला जातो. जॅक्सनने १९११ च्या आपल्या पहिल्याच पूर्ण हंगामात ०.४०८ गाठले, त्या हंगामात त्याचे यशस्वी फटके २३३ होते. एवढे करूनही त्याला अग्रस्थान मिळाले नाही, कारण त्याच वर्षी डेट्रॉइटच्या टाय कॉबने ०.४२० केले. पुढच्या वर्षी ०.३९५, त्यापुढे ०.३७३. सर्व कारकिर्दीची सरासरी ०.३५६ भरते आणि ती आजही त्या खेळातील सर्वोच्च सरासरींमध्ये गणली जाते. मात्र लीगमध्ये पहिला येण्याचा मान त्याला एकाही वर्षी मिळाला नाही. क्षेत्ररक्षणात तो आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या पट्ट्यात दूरवर उभा राहणारा, आणि तेथून त्याची फेक विलक्षण जोरकस असे. बेब रूथ या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या खेळाडूने आपण फटक्याची ढब जॅक्सनवरून उचलली, असे मोकळेपणाने सांगितले आहे.

क्लीव्हलंडचे मालक पैशाच्या अडचणीत आले. १९१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जॅक्सनला शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाला ३१,५०० डॉलर आणि तीन खेळाडू यांच्या मोबदल्यात दिले. व्हाइट सॉक्सचे मालक चार्ल्स कॉमिस्की. १९१७ साली हा संघ जगज्जेता ठरला. १९१८ साली महायुद्धामुळे लढा अथवा युद्धोपयोगी काम करा असा हुकूम निघाला, तेव्हा जॅक्सन डेलावेअरमधील जहाजबांधणीच्या कारखान्यात गेला. वृत्तपत्रांनी त्याला भित्रा म्हटले आणि कॉमिस्की यांनीही त्याची पाठराखण केली नाही. १९१९ साली तो परतला तेव्हा त्याचे वार्षिक वेतन ६,००० डॉलर होते. त्याच संघातील एडी कॉलिन्सला सुमारे १५,००० मिळत. कॉमिस्की यांच्या चिक्कूपणामुळे हे खेळाडू बिघडले, ही समजूत फार लोकप्रिय आहे. पण व्हाइट सॉक्सचा एकूण वेतनखर्च त्या काळच्या इतर संघांच्या मानाने कमी नव्हता, हे अलीकडील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गरिबी हे सबळ कारण असते, सरसकट निमित्त नसते.

ऑक्टोबर १९१९ मध्ये व्हाइट सॉक्स आणि सिनसिनाटी रेड्स यांच्यात वर्ल्ड सिरीज झाली. त्या वर्षी नऊ सामन्यांपैकी पाच जिंकावयाचे होते. सामने सुरू होण्यापूर्वीच व्हाइट सॉक्सच्या काही खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संधान बांधले होते. पुढाकार चिक गँडिलचा. चेंडू टाकणारे दोन प्रमुख खेळाडू, एडी सिकॉट आणि लेफ्टी विल्यम्स, कटात सामील होते. सिकॉटला पहिल्या सामन्याआधीच १०,००० डॉलर मिळाले. विल्यम्स आपले तिन्ही सामने हरला. रेड्सने मालिका ५-३ अशी जिंकली. हा कट झाला याविषयी आज कोणाच्याही मनात शंका नाही. वाद आहे तो त्यातील जॅक्सनच्या वाट्याविषयी.

त्याच्या बाजूने बोलणारे आकडे पुढे करतात, आणि ते आकडे खरे आहेत. बत्तीस वेळा खेळून बारा यशस्वी फटके, म्हणजे सरासरी ०.३७५. बारा फटके हा त्या वेळेपर्यंतचा उच्चांक होता. संपूर्ण मालिकेतील एकमेव होमरन त्याचा. क्षेत्ररक्षणात त्याच्या नावावर एकही चूक नोंदलेली नाही. हरण्यासाठी खेळणारा माणूस असा खेळतो काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु बेरीज सोडून एकेक सामना पाहिला तर दुसरीही बाजू दिसते. पहिल्या आणि पाचव्या सामन्यात त्याला एकही फटका साधला नाही. त्याच्या फटक्यावर सहकारी धाव पूर्ण करून आल्याच्या आणि स्वतःच्या होमरनच्या मिळून ज्या सहा धावा त्याच्या नावावर आहेत, त्या सर्व सहाव्या, सातव्या आणि आठव्या सामन्यातल्या; पहिल्या पाचांत एकही नाही. जुगाऱ्यांनी ठरलेले पैसे दिले नाहीत म्हणून मालिकेच्या उत्तरार्धात कट विस्कळीत झाला होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. तरी दुसऱ्या सामन्यात, जो संघाने गमावला, त्याने चार वेळा खेळून तीन फटके मारले होते. आमचे मत असे की आकड्यांवरून त्याला दोषी ठरविता येत नाही आणि निर्दोषही ठरविता येत नाही. त्या आकड्यांवर ज्यांनी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली, त्यांनी साक्षीपुराव्याकडे थोडे अधिक पाहावयास हवे होते.

तो पुरावा असा. हंगाम संपल्यावर कॉमिस्की यांच्या कानावर कुणकुण गेली होती. नोव्हेंबर १९१९ मध्ये त्यांनी जॅक्सनला पत्र पाठविले. जॅक्सनच्या वतीने केटीने उत्तर लिहिले आणि शिकागोला येऊन बोलण्याची तयारी दर्शविली. त्याला बोलाविण्यात आले नाही. उलट १९२० च्या आरंभी संघाचे चिटणीस हॅरी ग्रॅबिनर स्वतः सव्हाना येथे त्याच्या घरी गेले आणि वर्षाला ८,००० डॉलर असा तीन वर्षांचा करार पुढे केला. नेहमीच्या छापील करारात संघमालकाला दहा दिवसांच्या सूचनेने खेळाडूस काढण्याचा अधिकार असे. हे कलम या करारातून वगळले आहे, असे ग्रॅबिनरनी आपल्याला सांगितले आणि त्यांच्या शब्दावर आपण घराबाहेरच सही केली, असे जॅक्सनने पुढे शपथेवर सांगितले. ग्रॅबिनर म्हणाले की सही घरात झाली आणि केटीने करार वाचला होता. कलम करारात जसेच्या तसे होते.

१९२० चा हंगाम जॅक्सन अप्रतिम खेळला : सरासरी ०.३८२, बारा होमरन. सप्टेंबरमध्ये कुक परगण्याच्या ग्रँड ज्यूरीने जुगाराची चौकशी हाती घेतली. २८ सप्टेंबरला आधी सिकॉटने आणि मग जॅक्सनने जबाब दिला. त्या दिवशी त्याला सल्ला देणारे वकील आल्फ्रेड ऑस्ट्रियन हे कॉमिस्की यांचे वकील होते. ज्याच्या हिताला त्या जबाबाने थेट बाध येणार होता, त्याचा स्वतःचा वकील तेथे कोणी नव्हता. आपल्या बोलण्याचा आपल्याविरुद्ध उपयोग झाल्यास हरकत नाही, अशा अर्थाच्या संमतिपत्रावर त्याने सही केली. त्यात काय लिहिले होते हे वाचणे त्याला शक्य नव्हते. त्याच दिवशी कॉमिस्की यांनी सर्व संशयितांस निलंबित केले.

जबाबात तो काय म्हणाला? वीस हजारांचे वचन मिळाले होते; चौथ्या सामन्यानंतर लेक्सिंग्टन हॉटेलातील खोलीत विल्यम्सने पाच हजार आणून दिले; उरलेले मिळाले नाहीत म्हणून आपण गँडिलकडे तक्रार केली; पत्नीला सांगितले तेव्हा तिला अतिशय वाईट वाटले. इतके सांगितल्यावर त्याने हेही सांगितले की आपण प्रत्येक सामना जिंकण्यासाठीच खेळलो, फलंदाजीत वा क्षेत्ररक्षणात जाणूनबुजून काही कमी केले नाही. एकाच जबाबात लाचेची कबुली आणि कामातील प्रामाणिकपणाचा दावा! खात्यांतर्गत चौकशांत असे जबाब आम्ही अनेक पाहिले आहेत आणि ते सदैव खोटेच असतात असा आमचा अनुभव नाही. पैसे घेऊन काम मात्र नियमानेच करणारा माणूस ही कल्पना विचित्र वाटली तरी कचेरीतल्या जुन्या लोकांना ती अपरिचित नाही. अर्थात पैसे घेणे हाच त्याचा गुन्हा असतो, आणि तो पूर्ण झालेला असतो.

न्यायालयातून बाहेर पडताना एका लहान मुलाने त्याला हे खोटे आहे असे सांगण्याची विनवणी केली, ही कथा वृत्तपत्रांनी छापली आणि तीच पुढे या प्रकरणाची ओळख बनली. असे काही घडलेच नाही, असे जॅक्सनने १९४९ मधील एका मुलाखतीत स्पष्ट सांगितले.

खटला १९२१ च्या उन्हाळ्यात चालला. तत्पूर्वीच जबाबांच्या आणि संमतिपत्रांच्या मूळ प्रती सरकारी दप्तरातून नाहीशा झाल्याचे उघड झाले होते. लघुलेखकांच्या टिपणांवरून जबाब पुन्हा उभे करून सादर करण्यात आले. खेळात मुद्दाम हरणे हा इलिनॉय राज्यात स्वतंत्र गुन्हा नव्हता, म्हणून फसवणुकीच्या कटाचा आरोप ठेवला होता. नुसते सामने हरण्याचे ठरविले एवढे पुरेसे नाही, जनतेची व इतरांची फसवणूक करण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, असे न्यायाधीश ह्यूगो फ्रेंड यांनी ज्यूरीस समजाविले. २ ऑगस्टला ज्यूरीने तीन तासांच्या आत सर्वांना निर्दोष ठरविले. ज्यूरीतील काहींनी खेळाडूंना खांद्यावर घेतले, असे वृत्तांत आहे. न्यायदानाच्या दृष्टीने ते शोभणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी, ३ ऑगस्टला, बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. लँडिस हे केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश. प्रकरण बाहेर आल्यावर घाबरलेल्या संघमालकांनी नोव्हेंबर १९२० मध्ये त्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार देऊन नेमले होते. निवेदनाचा आशय असा की ज्यूरीचा निकाल काहीही असो, जो सामना हरतो, हरण्याचे वचन देतो, किंवा अशा बैठकीत बसून आपल्या संघाला ते कळवीत नाही, तो धंदेवाईक बेसबॉल पुन्हा खेळणार नाही. आठही जण कायमचे बाद झाले. त्यांत बक वीव्हर होता, ज्याने पैसे घेतल्याचा पुरावा कोणी दिला नाही; त्याला कट ठाऊक होता आणि तो गप्प बसला. पैसे घेऊन मुद्दाम हरणारा सिकॉट, पैसे घेऊन खेळलेला (त्याचे म्हणणे मानले तर) जॅक्सन आणि पैसे न घेता गप्प राहिलेला वीव्हर यांना एकच शिक्षा.

फौजदारी खटल्यातून सुटका झाली म्हणजे खात्याचे हात बांधले जातात असे नाही, हे आपल्याकडील सेवाविधीतही मान्य आहे. फौजदारी न्यायालय संशयातीत पुरावा मागते. खात्याला संभाव्यतेचा तोल पुरतो. त्यामुळे निकालानंतरही शिक्षा झाली, एवढ्यावरून लँडिस यांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. खेळावरचा लोकांचा विश्वास उडाला होता आणि तो परत आणण्यासाठी कठोर पाऊल आवश्यक होते, हेही खरे. आमचा आक्षेप निराळा आहे. खात्याला स्वतःचा निर्णय घेण्याचा अधिकार असला तरी आधी खात्याने चौकशी करावी लागते. दोषारोप लेखी द्यावा लागतो, खुलासा मागवावा लागतो, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ द्यावी लागते, आणि शिक्षा दोषाच्या प्रमाणात असावी लागते. यांपैकी एकही गोष्ट लँडिस यांनी केली नाही. रीतसर चौकशीतही जॅक्सन बहुधा दोषी ठरला असता. पैसे घेतल्याचे त्याने स्वतःच कबूल केले होते. परंतु दोष नेमका किती, हे तेव्हा कागदावर आले असते आणि पुढची शंभर वर्षे लोकांना आकड्यांवर भांडावे लागले नसते.

मार्च १९२१ मध्येच कॉमिस्की यांनी त्या दहा दिवसांच्या कलमाचा आधार घेऊन करार संपविला होता. जॅक्सनने उरलेल्या वेतनासाठी दावा लावला. तो १९२४ च्या आरंभी मिलवॉकी येथे चालला. येथे त्याने असे सांगितले की पैसे मालिका संपल्यावर मिळाले आणि कटाची आपल्याला आधी कल्पना नव्हती. तेव्हा कॉमिस्की यांच्या वकिलाने आपल्या पिशवीतून १९२० चा ग्रँड ज्यूरीपुढील जबाब काढला! सरकारी दप्तरातून गहाळ झालेला कागद प्रतिवादीच्या वकिलाकडे कसा आला, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही. ज्याने आपली फाइल एकदा तरी दुसऱ्याच्या कपाटात सापडलेली पाहिली आहे, त्याला या प्रसंगावर भाष्य करण्याची गरज वाटणार नाही. ज्यूरीने जॅक्सनच्या बाजूने कौल दिला आणि त्याला सुमारे १६,७०० डॉलर देवविले. पण न्यायाधीश जॉन ग्रेगरी यांनी तो कौल रद्द ठरविला आणि दोन शपथांवरील दोन जबाब जुळत नाहीत म्हणून खोट्या साक्षीबद्दल जॅक्सनलाच अटकेत टाकले. जामिनावर तो सुटला. दावा पुढे लहानशा रकमेवर मिटला. दोन जबाबांतली ही तफावत त्याच्या समर्थकांनी सहसा झाकून ठेवली आहे. आम्हांस ती झाकता येत नाही. १९२० मध्ये तो खरे बोलला असेल तर १९२४ मध्ये खोटे बोलला.

त्यानंतर तो जॉर्जिया आणि कॅरोलायनातील लहानसहान गावांच्या संघांतून खेळत राहिला. सव्हानामध्ये कपडे धुण्याचे दुकान चालविले, पुढे ग्रीनव्हिलला परतून खाद्यगृह आणि मग दारूचे दुकान. त्याला स्थानिक संघाचा चालक होता यावे म्हणून ग्रीनव्हिलच्या महापौरांनी लँडिस यांच्याकडे अर्ज केला; तो १९३४ च्या आरंभी फेटाळला गेला. गावाने त्याला कधी टाकले नाही. ५ डिसेंबर १९५१ रोजी हृदयविकाराने तो वारला. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाने त्याला परत घ्यावे असा ठराव केला होता, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने तशाच आशयाचा ठराव केला. एलियट असिनॉफ यांचे १९६३ चे ‘एट मेन आउट’ हे पुस्तक, त्यावरचा १९८८ चा चित्रपट आणि १९८९ चा ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ यांनी त्याची प्रतिमा घडविली. शेवटच्या चित्रपटात तर डावखुऱ्या जॅक्सनला उजव्या हाताने फलंदाजी करताना दाखविले आहे.

ग्रीनव्हिलमधील त्याचे घर हलवून तेथे २००८ साली संग्रहालय करण्यात आले. त्याच्या दारावरचा क्रमांक ३५६. पत्रे आणि छायाचित्रे यांवर त्याच्या नावाने बहुधा केटीच सही करी, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या हातची सही अत्यंत दुर्मीळ आहे. अशी सही असलेले १९११ मधील एक छायाचित्र २०२१ च्या लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले.

१३ मे २०२५ रोजी आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मरण पावलेल्या व्यक्तींवरील कायमची बंदी त्यांच्या मृत्यूबरोबर संपते असे ठरविले आणि पीट रोझ व जॅक्सन यांच्यासह सतरा जणांची नावे यादीतून काढली. लँडिस यांचा निर्णय चूक होता, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागण्याचा मार्ग मात्र त्यामुळे मोकळा झाला आहे. जुन्या काळातील खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीची त्यासाठी ठरलेली बैठक डिसेंबर २०२७ ची आहे. तिच्यापुढे जे दप्तर जाईल, त्यात १९२० चा तो जबाब असेलच.